समुद्र बंद

सव्वीस मेला मी देवबागला जाते
आणि समुद्र बंद करते.

म्हणजे पाटी लावते: जलक्रीडा
एकतीस ऑगस्टपर्यंत बंद, आदेशावरून.
ऑफिसात आम्ही थोडक्यात बोलतो.
एसटीत मांडीवर पाटी, पर्समध्ये चार खिळे,
हातोडी मात्र झिलू कुबलांची, दर वर्षी.
'खंय लावतलास कुलूप, मॅडम?'
हेही दर वर्षी.

गाव इथं फाईलच्या नाडीएवढं:
एका अंगाला कर्ली, दुसऱ्या अंगाला दर्या,
मधे माड, माणसं, वाळत टाकलेली जाळी
आणि दर दुसऱ्या दारावर
स्कूबा, कयाक, डॉल्फिन, घरगुती जेवण.
यातली निम्मी अक्षरं माझ्या टेबलावरून गेलीत
जावक क्रमांक घेऊन.

अकरा वर्षं मी समुद्र लिहिला.
सदर समुद्र. प्रस्तुत समुद्र.
एकदा वरून आलं: सदरहू समुद्राचे मालक कोण, ते कळवावे.
आम्ही ते खाली पाठवलं.
खालून अजून काही आलं नाही.

कपडे बदलायची खोली झाली. चावी ठेकेदाराकडे,
ठेकेदार कणकवलीला.
तिच्या स्लॅबवर रुजाय डिसोझा बांगडे वाळवते.
योजनेचा तेवढा एक लाभ
वेळेत पोचला.

लाइफ जॅकेटं मी स्वतः मोजते, बक्कल ओढून बघते.
सात बाद केली होती, तेव्हा झिलूंनी
माझ्या सात पिढ्या काढल्या, हळू आवाजात.
आता ती सात नारिंगी जॅकेटं
त्यांच्या जाळ्याला तरंड म्हणून बांधलीत.
निर्लेखित मालमत्ता. मी पाहिलं नाही.

मग पाच दिवसांचं प्रशिक्षण आलं, शेवटी लेखी परीक्षा.
फॉर्मात रकाना: पाण्यातला अनुभव, वर्षे?
झिलूंनी पेन खाली ठेवलं.
'जन्माच्या आदीपासून धरूया की मागसून?
आवशीच्या पोटात असल्यापासून खाडीत आसंय,
ती मुळे काढी, नवव्या महिन्यापर्यंत.'
मी लिहिलं: एकसष्ट.

प्रश्न सातवा:
पर्यटक पाण्याखाली घाबरल्यास काय कराल?
चार पर्याय होते, खुणा होत्या, क्रम होता.
झिलूंनी चौकटी सोडून समासात लिहिलं,
हात धरूचो.
गुण शून्य. तपासनीस मीच.
दोन गुणांनी राहिले.
रुजायची जुलियाना पास झाली, पहिली आली,
प्रमाणपत्रावर तिचं नाव 'जुलीअन्न' छापलं गेलं.
दुरुस्तीचा अर्ज माझ्याचकडे आहे.

जानेवारीत वरून पत्र: तपासणी प्रत्यक्ष करावी.
प्रत्यक्षला अधोरेखा.
म्हणून मी, साडीची माणूस, रबरी कपड्यात,
तोंडात नळी, पाठीवर टाकी, पोटात सकाळची पेज.
चार मीटर. लिहिताना किती लहान आकडा तो.

खाली एक मासा आला, माझ्या ऑफिसच्या
लाखेच्या रंगाचा, मला बघून थांबला,
आणि मला आठवेना श्वास
आत घेतात की बाहेर सोडतात.
जुलियानानं बोटांचं वर्तुळ केलं, मग दुसरी खूण,
मग तिसरी, सगळं क्रमानं, बिनचूक.
मी सरळ वर बघत होते. वर होडीचा तळ,
आणि त्याच्या कडेवरून
टाकी नाही, चष्मा नाही, परवाना नाही,
असा एक म्हातारा खाली येत होता
लुंगीसकट.

त्यांचा तळवा दोरीसारखा, खरबरीत.
एवढंच. आणखी काही केलं नाही त्यांनी.

अहवालातला शेरा हा रकाना
दोन बोटं रुंद असतो.
मी लिहिलं: तपासले. ठीक.

आज खिळा वाकला. दुसरा लावला.
पाटी जरा तिरकी बसली, मागं दक्षिणेचा वारा,
लाट पार खोलीच्या पायरीपर्यंत येऊन जाते,
रुजाय स्लॅबवरून बांगडे उचलते भराभर.

'परीक्षा परत कधी, मॅडम?'
ऑक्टोबरात, म्हटलं. सातवा प्रश्न तोच असेल.
या वेळी काय लिहाल?

झिलूंनी हातोडी मागून घेतली,
वाकलेला खिळा दगडावर ठेवला
आणि सरळ करत बसले.