पानाच्या पोटाखालून

खिडकीतून एल्डन सांगतो, मी फवारते.
यंदा असंच ठरलंय.
म्हणजे आम्ही नाही ठरवलं. मे महिन्यात तो धक्क्यावर घसरला
आणि त्याच्या खुब्यानं ठरवलं.

पहाटे साडेचार. खाडीवर धुकं इतकं
की आमचीच नाव आम्हाला दिसत नाही.
पाठीवर पंप, पायांत त्याचे गमबूट,
दोन मापं मोठे, पुढे कागदाचे बोळे कोंबलेले.
"वरून नको, वर्ना! पानाच्या पोटाखालून!
तोंडं तिथं असतात त्यांची!"
चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर कमावलेला आवाज.
पलीकडे झ्विकरांचा कुत्रा जागा होतो.

पानं छत्रीएवढी. खाली वाकलं
की आत एक खोली लागते, हिरव्या उजेडाची,
लवेचे काटे मनगटाला ओरखडतात,
आणि कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी ऊब.

कॅल्शियम दोन चमचे. बोरॉन चिमटीहून कमी;
जास्त झालं की पानांच्या कडा पिवळ्या पडतात
(एकदा पडल्या. दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं).
जस्त, मँगनीज, समुद्रशेवाळाचा काळा अर्क,
हाताला दुपारपर्यंत ओहोटीचा वास.
फॉस्फेट त्याच टाकीत कधीही नाही,
दूध नासावं तसं सगळं नासून तळाशी बसतं.
हे मला जूनमध्ये कळलं,
केसातल्या पिनेनं नोझल कोरताना.

"कॅल्शियम हट्टी असतं," तो म्हणतो.
"पाण्याबरोबर वर चढतं, पानात जाऊन बसतं,
बसलं की बसलं. फळाकडे मागे वळत नाही."
मग पानावर मारून फळाला काय मिळतं?
तो दुर्बीण पुसायला घेतो.

त्यालाही गोळ्या आहेत, खडूएवढ्या, जेवणानंतर दोन.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घेत राहा,
हाडापर्यंत किती पोचेल ते बघू.
खिडकीतल्या जिरेनियमच्या मातीत पांढरा चुरा दिसला.
मी काही बोलले नाही.
जिरेनियम मात्र यंदा नुसतं पेटलंय.

ऑगस्टात भोपळा दिवसाला पंधरा किलोनं फुगू लागला.
खाली वाळू, वर आमच्या लग्नातली चादर,
उन्हानं साल कडक होऊ नये म्हणून.
मी टेप टाकते, आकडा ओरडते, तो वहीत लिहितो.

आणि मग ते अकरा दिवस.
पिशवी संपली. ब्रिजवॉटरला जायचं
तर त्याला चार तास एकटं सोडायचं,
आणि तेव्हा न्हाणीघरापर्यंतसुद्धा
तो माझ्या खांद्यावरून जायचा.
मी टाकीत नुसतं पाणी भरलं.
तेच साडेचार, तोच पंप, तीच धाप,
पानाच्या पोटाखालून, अगदी त्याच्या शिस्तीत.
भोपळा वाढतच होता. तो म्हणाला, "बघ, लागू पडतंय."
मी म्हटलं, "हो."
पाठ त्याच्याकडे होती, बरं झालं.

ऑक्टोबरात क्रेननं उचलला.
भ्रमाचा असता तर तिथंच फुटला असता.
पाचशे बारा किलो. पाचवा नंबर, एक रिबीन,
आणि ज्या पोराला पोटरीत गोळा आला तो झ्विकरांचा धाकटा.
एल्डन वॉकर धरून उभा, तळवा सालीवर,
बोटीच्या कुशीवर ठेवायचा तसा.

रात्री वजन लिहायला मी वही उघडली.
रोजच्या रकान्यात त्याचं गिचमिड अक्षर:
कॅ. आणि बो. कॅ. आणि बो.
ऑगस्टच्या नऊ तारखेपासून वेगळं.
पाणी.
पाणी.
पाणी. पानांवर सकाळी पांढरे ठिपके नाहीत.
पाणी. वर्ना डावा पाय ओढते आहे.
पाणी. चौदा किलो.
अकरा ओळी.

वरच्या खोलीत तो घोरत होता.
मी बाराव्या दिवसापाशी थोडा वेळ बोट ठेवलं,
मग खाली पाचशे बारा लिहिलं
आणि जिरेनियमला पाणी घालायला गेले.