गाठोड्यात दार नसतं

हॉइकमध्ये डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टेव्हियट नदी गिरणीच्या मागून पुटपुटत जाते
आणि मी टर्नबुलबाईंच्या विणयंत्रासाठी
लायब्ररीचं पॅकेज बांधत बसलेली.

यंत्र सत्त्याऐंशी सालचं. केबल तेवढी नवी.
लिनक्सला ते दिसतं एका फाइलीतून,
जिच्या पोटात काहीच नाही,
नुसते दोन आकडे: एकशे अठ्ठ्याऐंशी, शून्य.
ती उघडली की पलीकडे सुया हलतात.

म्हटलं, हीसुद्धा घालावी गाठोड्यात.
आमची कुसुममावशी पहिल्यांदा इकडे आली
ती बॅगेत पोळपाट घेऊन,
तिकडे मिळेल न मिळेल म्हणून.
मीही तशीच. खोटंखोटं रूट होऊन
फाइल घडवली, आत ठेवली, गाठ मारली.

मंगळवारी बाईंचा फोन.
"जर्सी काही झाली नाही. पण लेबलं बघायला ये."
लेबलांच्या प्रिंटरने
सबंध रोल भरून काढला होता
चौकटी, चौकटी, मधे एक हरीण,
तेही तिरकं.
त्या सकाळी प्रिंटरची वायर आधी लागली,
एकशे अठ्ठ्याऐंशी-शून्य तोच झाला.
फाइलीचं काय चुकलं?
पत्ता बरोबर होता, बिऱ्हाड बदललं होतं.

डंडीच्या ग्रॅमने तपासताना लिहिलं होतं,
मी घाईत वाचलं नव्हतं:
दार पाठवू नकोस. ओळख पाठव.

मग काढून टाकली.
तिच्या जागी नियमाची एक ओळ:
अमुक कंपनीचं, तमुक क्रमांकाचं कोणी आलं
तर त्याला 'विणकाम' म्हणून हाक मार
आणि बाईंच्या गटाला आत सोड.
कोणी आलंच नाही तर
हाकही नाही.

शुक्रवारी बाईंनी खटका दाबला.
यादीत एक नाव उगवलं, काल नव्हतं ते.
सुया खडखडल्या. खूर, गुडघे, पोट,
हरीण हळूहळू उभं राहिलं, सरळ,
आणि मानेपाशी लोकर संपली.
"बाकीचं सोमवारी," बाई म्हणाल्या,
आणि चहा टाकायला गेल्या.

तो लेबलांचा रोल मी मागून आणला.
डब्यांना लावते.
हळदीच्या बरणीवर सध्या
अर्धं शिंग आहे.