रकाना क्रमांक सात

केयोनच्या धक्क्यामागे, सामन मासे कापायच्या कारखान्यात
अपघातांचे फॉर्म मी भरतो.
पहाटे चार दहा. लाइन नंबर दोन.
नेल्दा उएन्तेओ, वय एक्केचाळीस,
पडली.

नुसतं 'पडली' लिहून चालत नाही.
फॉर्मला कारण लागतं.
ओयार्सो, आमचा मुकादम, माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला,
लिही : लक्ष नव्हतं.

मी खाली जाऊन आलो.
गटाराच्या जाळीत कल्ले अडकलेले,
पाणी तुंबलेलं, गुलाबी, वर बर्फाचा चुरा,
आणि माशाची ती बुळबुळ, दोनदा साबण लावला तरी
रात्री उशीला जिचा वास येतो.
बूट अडतीस नंबरचे. तिचा पाय छत्तीस.
मार्चमध्ये तिनं बदलून मागितले होते,
चिठ्ठी माझ्याच खणात आहे,
कोपऱ्यात माझंच अक्षर : स्टॉक आल्यावर.
तोवर तिनं लोकरीचे मोजे घातले, घरी विणलेले, दोन दोन.
बूट पायाला बसला.
फरशीला बसला नाही.

माणूस पडतो तेव्हा आधी हात टेकतो.
तान्ह्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही.
नेल्दानं हात टेकला नाही.
डाव्या हातात मासा, उजव्यात वीतभर पात्याची सुरी,
आणि शेजारी यास्ना, एकोणीस वर्षांची,
सोमवारीच कामाला लागलेली.
मासा सुटला.
सुरी नेल्दानं वर धरली, उंच,
पुराच्या पाण्यातून कंदील न्यावा तशी,
आणि सगळी खुब्यावर आली.

ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला, यास्ना म्हणाली.
मग म्हणाली, नाही, ओलं लाकूड असं मोडत नाही.
पुढं बोलली नाही.
पट्टा चालूच होता.
लाल बटण कुणी दाबेपर्यंत अकरा मासे येऊन गेले.
आणि स्ट्रेचरवर घेताना
सुरीवरची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

रकाना सात :
अपघात टाळण्यासाठी कामगाराने काय केले?
जागा दीड ओळ.
'काही नाही' लिही, ओयार्सो म्हणतो,
तिथं सगळे तेच लिहितात.

सहा वाजले होते.
खाली कुणीतरी पाइप लावून फरशी धूत होतं,
आणि 'जपून चाला' ची पिवळी पाटी
कोरड्या जिन्याला टेकवलेली.

मी लिहिलं : सुरी वर धरली.
मग समासात, तिरकी, जागा पुरवत पुरवत,
मार्चची ती तारीख.