खर्ज

गिटारवाल्या कीरनकडे मुली बघतात,
गाणाऱ्या बर्नडेटकडे सगळेच,
ड्रमवाल्या नॉरिसकडे निदान लहान पोरं तरी.
माझ्याकडे बघतो तो क्लबचा मॅनेजर,
फ्रीजचा प्लग काढून
मी माझा लावलाय का, एवढं पाहायला.

सत्तावीस वर्षं, चार तारा.
दिवसा बॅरो गावभर लोकांचे बॉयलर दुरुस्त करतो,
शुक्रवारी 'थ्री अँकर्स', शनिवारी कुणाचं तरी लग्न.
कामं दोन म्हणायची, जात एकच:
कपाटाच्या पोटात काहीतरी घुमत असतं,
बंद पडलं की मगच आठवण.

बर्नडेट विचारते, वाजवताना सारखं खाली काय बघतोस?
पाय बघतो, बाई.
दोन पाइंटनंतर तोंडं काहीही बोलतात,
पायांना तेवढं जमत नाही.
पॉलिश केलेले हिशेबनिसाचे बूट
जन्मात समेवर येत नाहीत.
करवल्यांच्या टाचा खुर्चीखाली ढिगाने,
आणि पट्ट्यांबाहेर फुगलेले कुणा मावशीचे घोटे
अचूक, घड्याळासारखे.

तर परवा टॅमसिनचं लग्न. रग्बी क्लबचा हॉल.
तिच्या आईबापांच्या लग्नात आम्हीच वाजवलं होतं.
आम्हाला केस होते तेव्हा,
आणि नॉरिसच्या बापाची मासळीची व्हॅन होती,
अँपला आठवडाभर वास.
आता ग्लेन टेबल चारवर, नव्या बायकोशेजारी,
डोरीन टेबल अकरावर,
मध्ये एक खांब, तोही बहुतेक मुद्दाम निवडलेला.

यादीत सातवं गाणं टॅमसिनने स्वतः लिहून दिलेलं.
तेच ते.
तिला कुणी काही सांगितलं नसावं.
किंवा सगळंच सांगितलं असावं.

त्यात पहिली दोन आवर्तनं मला फक्त दोन स्वर.
हात मोकळा, नजर मोकळी.
टेबलक्लॉथच्या खाली
ग्लेनच्या तपकिरी बुटाची टाच हलायला लागली.
अकरावर डोरीनने बूट काढून ठेवलेला,
मोज्यातला अंगठा फरशीवर.
दोघंही ठेक्याच्या किंचित मागे,
सारखेच मागे,
अगदी केसभर.
तेव्हाही असेच मागे नाचले होते,
नॉरिस चिडला होता, म्हणाला होता,
ही दोघं आपल्याला मागे ओढतायत.

टेबलाच्या वर काहीच घडत नव्हतं.
डोरीन केकच्या आयसिंगबद्दल बोलत होती.
ग्लेन नव्या सासूला मांस कापून देत होता.

मी मागे सरकलो.
केसभरच.
हे करायचं नसतं, ठाऊक आहे,
भाड्याने आलेल्या बँडने मूळ रेकॉर्डसारखं वाजवावं
आणि पोर्क पाय खाऊन घरी जावं.
नॉरिसने मान वळवली, डोळे मोठे केले,
चार ठोके तसाच ताठ राहिला,
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
तोही आला.
कीरनला पत्ता नाही. बर्नडेटने एक ओळ लांबवली,
वाटलं असेल, आज आपला आवाज छान लागलाय.
नवरानवरी एकमेकांच्या पायांवर पाय देत
गोल फिरत राहिली.

गाणं संपलं. टाच थांबली.
अंगठा बुटात गेला.

रात्री दीड वाजता मागच्या लोखंडी जिन्यावरून
अँप उतरवताना नॉरिस म्हणाला,
सातव्याला झोपला होतास काय?
हो, म्हटलं.
बरं, म्हणाला, आणि जड बाजू त्याने घेतली.

माणशी सत्तर पाऊंड, पेट्रोल वजा.
केकचा तुकडा मंगळवारी सापडला,
जादा तारांच्या पाकिटाखाली, चपटा, नॅपकिनला चिकटलेला.
एका बाईच्या स्वयंपाकघरात
बॉयलर पेटायची वाट बघत
उभ्यानेच खाल्ला.