पट्टी

बर्फफोड्या जहाजाच्या इंजिनखोलीत
तीस वर्षं मी मोकळ्या गळ्यानं गायलो.
कुणाला ऐकू जायचं नाही,
म्हणून तर गायलो.

आता केमी बंदरातल्या बारमध्ये, गुरुवारी,
गाण्यांची वही चाळत बसलोय:
हे नको, यात फार वर चढायचंय.
हे आइलीच्या आवडीचं. ते तर नकोच.
हे बरं. पाचच सूर,
आणि मध्ये अ‍ॅकॉर्डियनला भरपूर जागा.

चिठ्ठीवर तेच लिहिलं.
मग खोडलं.

रैयानं चिठ्ठी वाचली,
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही,
पट्टी दोन घरं खाली उतरवली
आणि हाक मारली, "ताउनो!"

तरी तिसऱ्या कडव्यात आवाज फाटलाच.

बाहेर समुद्र गोठत होता,
तोही करकरत.