पितळी चुका

चाळीस डॉलर, म्हणाली ओझेली,
आणि पहिला मासा माझा.
कोठाराच्या तुळईला दोराने बांधलेली कनू
बारा हिवाळे उलटी लटकत होती,
पोटात गांधीलमाश्यांचं रिकामं पोळं
आणि उंदरांनी कुरतडलेली एक उशी.
मी पैसे मोजले.
माशाचं हसण्यावारी नेलं.

घरी आणून दोन लाकडी घोड्यांवर पालथी घातली.
कुजका कॅनव्हास सोलला तसा
खालून सीडरचा वास उठला,
नुकत्या तासलेल्या पेन्सिलीचा.
बरगड्या मोजल्या. सत्तेचाळीस.
तीन मोडलेल्या, एक भुसा झालेली,
बाकीच्या माझ्यापेक्षा बऱ्या.

मध्ये कधीतरी कुणी डागडुजी केली होती
लोखंडी चुका ठोकून.
पाण्यातल्या लाकडाला लोखंड सोसत नाही,
पितळच लागतं.
अल्सीदला ठाऊक नसेल,
नाहीतर त्या दिवशी दुकान बंद असेल.
प्रत्येक चुकेभोवती गंजाचं काळं कडं.
पक्कडीने एकेक उपटत गेलो,
रात्री मोजायला बसलो आणि सोडून दिलं.
कॉफीचा डबा भरला होता.

नवी बरगडी वाफेवर धरली,
मका उकडायच्या मोठ्या पातेल्यावर, वीस मिनिटं.
बाहेर काढली की अर्धं मिनिट हातात असतं,
तेवढ्यात वाकवायची,
नंतर ती ऐकत नाही, तुटते.
अशी अर्धी मिनिटं मी बरीच दवडली आहेत,
कागद कारखान्यात, चर्चच्या पायरीवर,
फोन हातात धरून.
ही नाही दवडली.

मग कॅनव्हास ताणला, लांबी भरली,
तीन आठवडे वाळायची वाट पाहिली
(डब्यावर चार लिहिलं होतं).
कारखाना बंद झाला त्या दिवशी
सगळ्यांनी काही ना काही उचललं होतं,
मी अर्धा डबा रंग. यंत्रांचा हिरवा.
तोच दिला.
प्लंबिंगच्या पाइपचे दोन तुकडे, गळाच्या काठ्या ठेवायला.
आणि त्या कॉफीच्या डब्यात चुकांसकट सिमेंट ओतलं,
वर एक कडी रोवली:
नांगर.

सगळ्यात शेवटी पुढचं सीट विणायला काढलं
आणि उलटं केलं तर
पेन्सिलीच्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी,
फळीभर, दोन्ही कडांपर्यंत.
शेवटच्या जुडग्यात तीनच.

ओझेली आली, काठी टेकत.
रेघांवरून बोट फिरवलं.
म्हटलं, अल्सीदनं फार मासे मारले.
"अल्सीद मागे बसायचा," म्हणाली.
"त्याला पाण्याची भीती. चाळीस वर्षं
डोळे माझ्या पाठीवर ठेवून वल्हवलं त्यानं.
मासे माझे."
मग आतल्या बाजूला, नव्या पितळेकडे बघून:
"आणि त्या लोखंडी चुकाही माझ्याच.
तो इस्पितळात होता.
दुकान उघडं होतं, रोझेर.
पितळ महाग होतं."

मी काहीतरी शोधायला शेडमध्ये गेलो.
काय शोधायचं होतं, आठवेना.

मला ने, अशी गळ घातली नाही तिनं.
नुसता गळ दाखवला,
कोटाच्या खिशातून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तळ्यावरचा बर्फ गेला.
पाणी असं गार की वल्हं धरलेली बोटं
दुसऱ्या कुणाची वाटावीत.
ती पुढे, मी मागे,
तिच्या कानावर पेन्सिलीचं थोटूक.
डावीकडे, म्हणाली. डावीकडे म्हटलं ना.
खडकाच्या सावलीशी थांबलो.
डबा तिनंच उचलला, दोन्ही हातांनी तोलला.
"जड केलास," म्हणाली,
आणि सोडला.

दोर सरसरत गेला, गेला,
आणि एकदम सैल पडला.
"लागला," ती पुटपुटली.
मी जाळी शोधायला वाकलो. मासा?
"नांगर रे," म्हणाली ओझेली.
"बस खाली. हलवू नकोस."