स्कूटरच्या भावात

झेफेरीन आज बसने आला, म्हणजे स्कूटर विकली.
हळदोण्याहून म्हापशाला येणारी साडेनवाची बस,
तीतून उतरला छातीशी मूठ धरून,
कुणी कोंबडीचं पिल्लू सांभाळत यावं तसा.

माझं दुकान पेनांचं. जिन्याखाली, साडेचार फूट.
निबा बदलतो, फुटलेली टोपणं नवी कातून देतो.
तीस वर्षं एबोनाईट तासतोय.
काळी सळई लेथवर चढली की गंधकाचा वास सुटतो;
बायको म्हणते, तू आगपेटीशीच लग्न करायचं होतंस.

त्यानं रुमाल उलगडला.
आत सॅक्सोफोनचा माऊथपीस,
बरणीच्या तळाशी मुरलेल्या कैरीच्या रंगाचा.
"सत्तर वर्षांचा," तो म्हणाला. "असे आता कोण करतो?"
हे वाक्य मी पेनांबद्दल रोज ऐकतो.
गिऱ्हाईक बरं दिसलं तर स्वतःही बोलतो.

भिंग लावलं. वरच्या अंगाला दातांच्या खुणा,
कुणा परक्याच्या.
फटीत पातळ पात्या सारून मोजलं:
डावी कड उजवीपेक्षा केसभर खाली.
"वाकडा आहे हा."
"त्या वाकडेपणाचेच पैसे दिलेत," झेफेरीन म्हणाला,
पण त्याचा आवाज जरा बसला.

म्हटलं, शुक्रवारपर्यंत ठेवून जा.

पहिला केला तो सरळ. दोन्ही कडा एकसारख्या.
त्यानं फुंकून पाहिला, परत दिला:
"हा फर्स्ट कम्युनियनला निघालेला पोर आहे. भांग पाडलेला."
दुसऱ्यात ती चूक मोजून घातली.
बरोबर करायला एक दुपार लागली होती,
चूक करायला तीन दिवस.

मग त्याच्या घरी, बाल्कांवात परीक्षा.
एर्मेलिंद आमच्याकडे पाठ करून सुंगटं सोलत होती.
रीड तीच, सॅक्स तोच,
एकदा हा, एकदा तो, मग परत हा.
"सांग, जुना कुठला?"
"दोन्हींत तू त्याच जागी बेसूर होतोस," ती म्हणाली,
आणि पुढचं सुंगट उचललं.
कुत्रा तेवढा एकदाच भुंकला.
झेफेरीन म्हणतो, जुन्याला.
मला वाटतं, पोस्टमनला.

त्या महिन्यात बाशियांव म्हाताऱ्याच्या मयताला बँड होता.
मी कपेलाच्या पायरीशी, चपला हातात.
तो स्वर आला: घोगरा,
झोपेतून उठलेल्या माणसाच्या पहिल्या शब्दासारखा,
आणि माझ्या दंडावर काटा.
भिंगाखाली हे कुठेच दिसलं नव्हतं.
नंतर गाठून विचारलं, कुठला लावलेलास?
"स्कूटरचा," तो म्हणाला.
पण खिसा काही दाखवला नाही.

मागच्या आठवड्यात कळंगुटहून एक पोरगा आला,
हॉटेलात वाजवणारा, कानात बाळी.
माझा एक घेऊन वाजवला, डोळे मिटून,
मिटलेलेच राहिले बराच वेळ.
"केवढ्याला?"
"आठशे."
त्याचे डोळे उघडले.
त्यानं तो उलटापालटा करून पाहिला,
आठशे रुपयांत कुठे काय कमी पडलंय ते शोधत,
आणि हळूच काचेवर ठेवून गेला.

म्हणून आज गच्चीवर पाच माऊथपीस वाळत घातलेत,
बायकोच्या सोलांशेजारी.
एबोनाईट उन्हात काळेपणा सोडतं,
आधी राखी होतं, मग शेवाळी,
मग त्याच्याकडे बघून माणसं आवाज खाली आणतात.
भाव सांगायचा सराव करतोय:
बारा हजार. बारा.
आरशासमोर जमत नाही, हसू फुटतं.

बायको वर येते, सोलं परतते,
म्हणते, माझी परवापर्यंत होतील.
तुझ्या ह्यांना किती दिवस?

सत्तर वर्षं, मी म्हणतो.